एक माणूस, दोन पासवर्ड : सांबाच्या खात्यांची पार्श्वभूमी

लिनक्सच्या सर्व्हरवर ऑफिसचं सामायिक फोल्डर ठेवणारा प्रत्येक जण एकदा तरी इथे अडलेला असतो. नवीन माणूस रुजू झाला, सर्व्हरवर त्याचं खातं काढलं, पासवर्ड दिला, तिथेच लॉगिन करून पाहिलं, सगळं ठीक. मग तो आपल्या विंडोजवरून फोल्डर उघडायला जातो आणि पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा वर येत राहते. शेवटी कुणीतरी जुना जाणता विचारतो, "एसएमबीपासवर्ड दिलास का?" म्हणजे त्याच माणसाला, बहुतेकदा तोच पासवर्ड, दुसऱ्यांदा द्यायचा.

लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला उघडून देणारा प्रोग्रॅम म्हणजे सांबा. यात तो लिहिणाऱ्यांचा हलगर्जीपणा नाही. पासवर्ड सांभाळायच्या युनिक्स आणि मायक्रोसॉफ्ट या दोन घराण्यांच्या दोन रीती होत्या आणि सांबा त्या दोघांच्या मधे येऊन बसला.

युनिक्सची, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाची, रीत बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ती सविस्तर मांडली. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही. तो दळायचा आणि पीठ ठेवायचं. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. डीईएस या सांकेतिक पद्धतीचे २५ फेरे, शिवाय दळताना चिमूटभर मीठ. हा शब्द माझा नाही, इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. मिठाचे ४०९६ प्रकार असल्याने दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सहसा वेगळं पडायचं. लॉगिनच्या वेळी माणूस पासवर्ड टाइप करतो, सर्व्हर तो त्याच मिठासकट दळतो आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. यात एक गोष्ट गृहीत आहे : मूळ पासवर्ड सर्व्हरच्या हाती पडायला हवा.

दुसऱ्या घराण्याला नेमकं तेच नको होतं. फाइली वाटून घेण्याची एसएमबी ही भाषा आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती लॅन मॅनेजर या आपल्या नेटवर्कच्या प्रणालीत वाढवली. तिथे पासवर्ड तारेवरून पाठवायचा नाही, असं ठरलं. सर्व्हर आठ बाइटांचं एक कोडं धाडतो, क्लायंट, म्हणजे फोल्डर मागणारं मशीन, पासवर्डच्या हॅशची (हे या घराण्याचं पीठ) किल्ली करून ते कोडं कुलूपबंद करतो आणि २४ बाइटांचं उत्तर परत पाठवतो. सर्व्हरही स्वतःजवळच्या हॅशने तेच करून पाहतो. म्हणजे सर्व्हरपाशी अगदी तोच हॅश पाहिजे. युनिक्सचं पीठ इथे कुचकामी.

आणि तो हॅश होता तरी कसा! लॅन मॅनेजर पासवर्ड १४ अक्षरांवर तोडायचा, सगळी अक्षरं कॅपिटल करायचा आणि सात-सातचे दोन तुकडे वेगवेगळे दळायचा, तेही मिठाशिवाय. पासवर्ड सात अक्षरांचा किंवा त्याहून लहान असेल तर दुसरा अर्धा भाग दरवेळी तोच, 'एएडी३बी४३५'ने सुरू होणारा. फाइल नुसती चाळली तरी कुणाचा पासवर्ड तोकडा आहे ते दिसायचं. पुढच्या विंडोज एनटीचा नवा हॅश याहून बरा, पण मीठ त्यातही नव्हतंच.

सांबाचा जन्म कॅनबेरातला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस तारेवरची पाकिटं न्याहाळून हा सर्व्हर लिहायला घेतला. आपल्याकडे नाव ऐकून सांब सदाशिव आठवतो, पण ते निघालं शब्दांच्या यादीतून : एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द शोधताना. सुरुवातीला पासवर्डचा घोळ नव्हता. 'मला उघडा पासवर्ड चालतो' असं सर्व्हरने सांगितलं की विंडोज तो मुकाट पाठवायचं आणि सांबा तो युनिक्सच्या पिठाशी ताडायचा. एक माणूस, एक पासवर्ड. फक्त तारेवर कान लावून बसलेल्यालाही तो मिळायचा.

१९९७ साली एनटी ४चा तिसरा सर्व्हिस पॅक (सुधारणांचा संच) आला आणि उघडा पासवर्ड पाठवणं बंद झालं. काल चालणारे सांबा सर्व्हर आज पासवर्ड नाकारू लागले. मार्ग दोनच. एक म्हणजे प्रत्येक मशीनपाशी जाऊन रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, जुनी सवय परत चालू करायची. त्यासाठीच्या तयार फाइली सांबासोबतच मिळत. दुसरा, सांबाची स्वतःची हॅशची फाइल उभी करायची. युनिक्सची नावं त्या फाइलीत ओतणारी एक स्क्रिप्ट होती, पण हॅशच्या जागी ती ३२ वेळा 'एक्स' लिहून गप्प बसायची. दुसरं करणार काय? पिठातून दाणे कुठून आणणार! मग एक छान युक्ती निघाली : काही दिवस उघडे पासवर्ड येऊ द्यायचे आणि जो लॉगिन करेल त्याचा हॅश सांबाने गुपचूप लिहून घ्यायचा.

त्याच वर्षी पॉल अ‍ॅश्टन यांनी या रीतीचं दुखणं उघडं केलं. हॅश हाती असेल तर मूळ पासवर्ड लागतोच कशाला? सांबाच्याच क्लायंटमध्ये किरकोळ बदल करून त्यांनी नुसत्या हॅशवर आत शिरून दाखवलं. म्हणूनच सांबाची हॅशची फाइल रूटशिवाय (सर्व्हरच्या मुख्य खात्याशिवाय) कुणालाही वाचता येता कामा नये.

पुढचा प्रवास थोडक्यात. २००३च्या सांबा ३.०मध्ये सांकेतिक पासवर्ड, म्हणजे कोडं-उत्तराची रीत, हीच मूळ सेटिंग झाली. २००९च्या ३.४पासून साध्या फाइलीऐवजी छोटा डेटाबेस आला. डिसेंबर २०१२च्या ४.०पासून सांबा स्वतःच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे सगळी खाती एका जागी सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेचा, सर्व्हर होऊ शकतो. युरोपियन कमिशनच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यानंतर, २००७ साली मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं १०,००० युरोत मिळाली, त्याचा या कामी मोठा हातभार लागला. अशा डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरखाली बांधलेल्या मशीनच्या गटात, माणसाला पुन्हा एकच पासवर्ड पुरतो.

पाच-सात मशीनच्या ऑफिसात मात्र डोमेन कोण उभारतो? तिथे दोन खाती आजही शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही पासवर्ड एकत्र बदलायची सोय सांबात आहे, पण ती एकाच बाजूने चालते : सांबाचा बदलला तर युनिक्सचा बदलतो. कुणी थेट लिनक्सवर पासवर्ड बदलला तर सांबाला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी सांबाच्या 'पीडीबीएडिट' या आज्ञेने खात्याचा तपशील काढून पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती तारीख पाहावी, मग 'चेज' या आज्ञेने लिनक्सची पाहावी. बहुधा दोन्हींत काही महिन्यांचं अंतर निघतं.