मुंबई–दुबई हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दुबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर, म्हणजे जवळपास १,०४० सागरी मैल आहे. वाट वायव्येकडे जाते. किनारा सुटला की बराच वेळ खाली अरबी समुद्र असतो, मग ओमानची किनारपट्टी लागते आणि तिथून दुबई जवळच. या वाटेवर पाकिस्तानचे आकाश लागत नाही. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्ली–दुबई विमानांना वळसा पडला, पण मुंबईच्या वाटेला फारसा धक्का बसला नाही.

अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच, वेळ मात्र सारखा नाही. जाताना साधारण सव्वातीन ते साडेतीन तास धरावेत, येताना पावणेतीन ते तीन. कारण उंचावरचा वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि त्यांचा दक्षिणेकडचा भाग या मार्गालाही लागतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० किलोमीटर आणि समोरून येणारा वारा ८० किलोमीटरचा धरला, तर जमिनीच्या हिशोबाने वेग ७५० उरतो आणि १,९२५ किलोमीटरला २ तास ३४ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असला की वेग ९१० होतो आणि २ तास ७ मिनिटे पुरतात. पावसाळ्यात उंचावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात, तेव्हा हा फरक कमी होतो.

तिकिटावरचा वेळ याहून जास्त दिसतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत उभे राहणे, चढणे, उतरणे हे सगळे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी किंवा मुसळधार पावसात येणारे विमान घिरट्या घालत राहते, आणि येताना वाऱ्याने वाचवलेली वीस-पंचवीस मिनिटे इथेच खर्ची पडतात.

घड्याळाचा हिशोब सोपा आहे, पण चुका इथेच जास्त होतात. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. दोन्हीकडे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून हा फरक वर्षभर तोच राहतो. तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापलेली असते. मुंबईहून सकाळी १० ला निघून सव्वातीन तास लागले, तर मुंबईत १:१५ झालेले असतात आणि दुबईत ११:४५. उलट, दुबईहून रात्री १० ला निघालेले विमान २ तास ५५ मिनिटांनी उतरते, तेव्हा मुंबईत पहाटेचे २:२५ आणि दुसरी तारीख असते. घ्यायला येणाऱ्यांना ती दुसरी तारीखच कळवावी. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाचेही तसेच: १५ तारखेचे ००:४० म्हणजे १४ च्या रात्रीच घरून निघायचे.

रत्नागिरीहून आखातात नोकरीला जाणाऱ्याला मुंबई गाठायलाच विमानापेक्षा जास्त वेळ लागतो, शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आलेच. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतात. दुबईतून पुढचे विमान धरायचे असेल, तर टर्मिनल आधी पाहून घ्यावे. टर्मिनल २ हे १ आणि ३ पासून वेगळे, धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे. चालत तिकडे जाता येत नाही, बस धरावी लागते.