नवतप्यात पारा कुठे कुठे चढतो

नवतपा, म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरची दुपार ओस पडते. एरवी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते, पण मे महिन्यात दोन वाजता तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एखादा स्कूटरवालाच काय तो दिसतो. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत कुठे हाणामारी झाली की आपण सहज म्हणतो, ऊन डोक्यात गेलं. यात किती तथ्य आहे, हे तपासण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ बराच काळ करत आहेत.

१९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात संशोधकांनी सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागची हलू दिली नाही आणि मागचा चालक हॉर्न कधी आणि किती वाजवतो ते मोजलं. तापमान वाढलं तसे हॉर्नही वाढले. हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो काचा खाली असलेल्या, म्हणजे बहुधा एसी नसलेल्या गाड्यांमध्ये.

लॉस एंजेलिसच्या नोंदींमध्ये कमाल तापमान साधारण २९.४ अंशांच्या वर गेलेल्या दिवशी हिंसक गुन्हे ५.७ टक्क्यांनी जास्त आढळले. २९ अंश म्हणजे आपली जानेवारीतली दुपार! त्या दुपारी आपण कोवळ्या उन्हात संत्री सोलत बसतो. म्हणून तिकडचा आकडा उचलून नागपूरला लावता येत नाही. अंगाला कशाची सवय आहे आणि घर कसं आहे, यावर बरंच ठरतं. लॉस एंजेलिसमध्येही उन्हाचा हा परिणाम गरीब वस्त्यांत अधिक दिसला.

अंग थंड ठेवण्यासाठी शरीराला सतत राबावं लागतं. रक्त त्वचेकडे वळतं, हृदयाचे ठोके वाढतात, घाम गळत राहतो. आधीच ताणलेल्या अशा शरीराला समोरच्याचा साधा शब्दही टोचतो. त्यात झोपेची भर. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर उष्णता सोडत असेल तर ते नीट उतरतच नाही.

पण गुन्ह्याला नुसता राग पुरत नाही. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९मध्ये मांडलं की गुन्हा करू पाहणारा, त्याचं लक्ष्य आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच जागी जुळाव्या लागतात. आपल्या ओस दुपारी रस्त्यावर त्या जुळणार कशा? भांडायला समोर माणूस तर हवा. काही संशोधकांच्या मते म्हणूनच एका मर्यादेपुढे ऊन वाढलं की हिंसा उलट घटते, तर इतरांना हे पटत नाही. नागपूरचा उन्हाळी दिवस तर संध्याकाळी सातनंतर सुरू होतो: फुटाळा तलावाचा काठ, पानठेले, रसवंत्या. त्यामुळे दुपारचा कमाल आकडा घेऊन त्या दिवसाच्या गुन्ह्यांशी जोडणं मला अपुरं वाटतं.

शिवाय रस्ता रिकामा होतो तेव्हा माणसं घरात असतात. भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधल्या १,९४,८७१ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२३मध्ये आला. वार्षिक सरासरी तापमान एका अंशाने जास्त असेल तर जोडीदाराकडून होणारी हिंसाही सुमारे ४.५ टक्क्यांनी जास्त, असा संबंध त्यात दिसला. संबंध दिसला म्हणजे ऊनच कारण ठरलं असं नाही, आणि मारणाऱ्याची जबाबदारी तर त्याने तसूभरही कमी होत नाही. पण रोजमजुरी बुडाली आहे, कुलरमध्ये भरायला पाणी नाही, टिनाखालच्या एका खोलीत पाच माणसं आहेत, आणि तिला उठून जायला दुसरी जागा नाही, हे चित्र या शहरात शोधायला लांब जावं लागत नाही.

वेधशाळेचे आकडे आले की सगळे कमाल तापमान वाचतात. मी मे महिन्यात आधी किमान तापमान बघते. ते ३०च्या पुढे असलं की काल रात्री त्या खोलीत कोणालाच झोप लागलेली नसणार.