आजीच्या रक्तातून नातीचा माग

"अगदी आजीवर गेलीय हो!" बारशाला आलेली निम्मी माणसं हे म्हणतात, उरलेली निम्मी ती आईवर गेलीय म्हणून वाद घालतात. आपल्याकडे हा वाद गमतीचा असतो. अर्जेंटिनातल्या काही आज्यांवर मात्र तो कोर्टात जिंकायची वेळ आली, आणि तीही मुलीचे आईवडील दोघंही नाहीसे झालेले असताना.

24 मार्च 1976 रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. 1983 पर्यंत हजारो विरोधक, त्यात बरेचसे तरुण, पकडून मारले गेले. त्यांची तान्ही मुलं आणि गुप्त छावण्यांत जन्मलेली बाळं खोट्या जन्मदाखल्यांसह दुसऱ्या घरांत गेली, पुष्कळदा लष्करातल्या नाहीतर पोलिसांतल्या माणसांच्याच घरांत. अशी सुमारे 500 मुलं असावीत, असा 'प्लाझा दे मायोच्या आज्या' या संघटनेचा अंदाज आहे. 1977 मध्ये बारा जणींनी ती उभी केली. त्यांतल्या एक चिचा मारियानी, ला प्लाता शहरातल्या शिक्षिका. नोव्हेंबर 1976 मध्ये मुलाच्या घरावर हल्ला झाला, त्यात त्यांची सून मारली गेली आणि तीन महिन्यांची नात क्लारा अनाही गायब झाली.

पितृत्वाची रक्तचाचणी तेव्हा उपलब्ध होती, पण तिला बाप लागतो. बापच नसेल तर आजीचं रक्त चालेल का, हा प्रश्न घेऊन या बायका युरोप-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची दारं ठोठावत राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांना मायदेश सोडावा लागलेले अर्जेंटिनी आनुवंशिकीतज्ज्ञ व्हिक्टर पेंचासझादे भेटले. पुढे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी हे काम हाती घेतलं. (स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-1 या जनुकाची जागा 1990 मध्ये शोधणाऱ्या त्या ह्याच.)

गणित अवघड होतं. मुलाची निम्मी जनुकं आईची आणि निम्मी वडिलांची, हे पक्कं. आजीचा वाटा मात्र सरासरी पाव, आणि तोही प्रत्येक नातवंडात कमी-जास्त. म्हणून सुरुवातीला एचएलए जनुकांचा आधार घेतला गेला. मूत्रपिंड बदलताना दाता जुळतो का, हे ज्यांच्यावरून पाहतात तीच ही जनुकं. माणसामाणसांत ती कमालीची वेगळी असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढे जातात. प्रत्येकाकडे असे दोन गठ्ठे असतात. म्हणजे मुलीकडचा एक गठ्ठा आईच्या आईवडिलांच्या चारांपैकी आणि दुसरा वडिलांच्या आईवडिलांच्या चारांपैकी असलाच पाहिजे. दोन्ही जुळले, तर ते गठ्ठे समाजात किती दुर्मीळ आहेत त्यावरून नात्याची शक्यता काढायची. डिसेंबर 1984 मध्ये याच पुराव्यावर कोर्टाने आठ वर्षांची एक मुलगी तिच्या आजीकडे सोपवली. दोन वर्षांचीही नसताना तिला आईवडिलांसह शेजारच्या उरुग्वेच्या राजधानीतून, माँटेव्हिडिओतून, पळवलं होतं, आणि एका पोलीस अधिकाऱ्याने ती स्वतःची मुलगी म्हणून नोंदवली होती.

पण आजोबा वारलेले, काका-मावशाही बेपत्ता, अशी घरं कितीतरी होती. तिथे मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या बारीक घटकांचा, डीएनए कामी आला. जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईची आई एकटी असली तरी भागतं. तो बीजांडातून प्रवास करतो, आणि मुलीची बीजांडं ती पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे नात ज्या बीजांडातून जन्मली ते आजीच्याच उदरात आकाराला आलेलं असतं! मला तरी हे 'दुधावरची साय' या कौतुकापेक्षा भारी वाटतं.

मग वडिलांच्या आईने काय करायचं? चिचा तर वडिलांकडूनच आजी. तिथे मुलगी असण्याचाच फायदा होतो. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते त्याच्या आईचं. आजीच्या दोन एक्सची सरमिसळ होऊन बनलेलं हे गुणसूत्र तो प्रत्येक मुलीला जवळपास जसंच्या तसं देतो. मुलाला तो वाय देतो, त्यामुळे नातवाच्या बाबतीत ही वाट बंद.

आज्या थकत चालल्या होत्या. त्या गेल्या तरी शोध थांबू नये म्हणून 1987 मध्ये कायद्याने राष्ट्रीय आनुवंशिक माहिती बँक स्थापन झाली आणि घराघरातल्या नातेवाइकांचे नमुने तिथे जपले गेले. आजवर सुमारे 140 जणांची खरी ओळख पटली आहे. क्लारा अनाही त्यांत नाही. चिचा 2018 मध्ये, 94 व्या वर्षी गेल्या.

विज्ञानाला न सुटणारा तिढा वेगळाच आहे. मोठी झालेली काही माणसं रक्त द्यायला साफ नकार देतात. ज्यांनी वाढवलं ते तुरुंगात जातील, ही भीती त्यामागे असते. 2009 च्या कायद्याने दात घासायचा ब्रश, कपडे अशा वस्तूंवरून कोर्टाच्या आदेशाने डीएनए घ्यायची मुभा दिली. आजीचा जाणून घ्यायचा हक्क मला समजतो. पण तिशीतल्या बाईच्या दारात तिचा ब्रश मागायला पोलीस उभे राहतात, तेव्हा नातीला अजाण राहायचाही हक्क आहे का, यावर तिथले कायदेपंडित बरीच वर्षं भांडले आहेत. त्या भांडणात मी आजीच्या बाजूने आहे, पण पूर्ण निर्धास्तपणे नाही.