बीट कुणी केले? : एका श्रेयाची पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक पॉपमध्ये स्वतः लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या एखाद्या गायिकेचा नवा अल्बम आला की तिच्या आवाजाचं, वेगळेपणाचं कौतुक होतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो : बीट, म्हणजे गाण्याखालचा यंत्रावर बांधलेला ताल, कुणी केले? पुरुष गायकाला हा प्रश्न इतक्या घाईने विचारला जात नाही. ते काम तिचं नसणारच, या त्यामागच्या संशयाला मोठा इतिहास आहे.

1963 साली ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत एका तरुणीने 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत घडवलं. तारेचा टणत्कार टेपवर मुद्रित करायचा, वेग बदलून हवा तो सूर मिळवायचा, मग टेपचे तुकडे मोजून कापून चिकटवायचे, असं ते काम. मूळ चाल लिहिणाऱ्या संगीतकाराला ऐकल्यावर हे खरंच आपलं का, असा प्रश्न पडला. रॉयल्टीतला निम्मा वाटा तिला द्यावा ही त्याची इच्छा संस्थेच्या नियमात बसली नाही. पडद्यावर तिचं नाव झळकलं ते 2013 मध्ये, तिच्या निधनानंतर 12 वर्षांनी.

1980 च्या सुमारास फेअरलाइट हे ऑस्ट्रेलियन बनावटीचं संगणकीय वाद्य आलं. कुठलाही आवाज त्यात भरा आणि कीबोर्डवर वाजवा. एका ब्रिटिश गायिकेच्या 'बबूश्का' या गाण्यातला काच फुटल्याचा आवाज असाच वाजवलेला आहे. त्याच गायिकेने 1982 च्या 'द ड्रीमिंग' या अल्बमची निर्मिती, म्हणजे आवाज निवडून आणि मुद्रित करून गाणं घडवण्याचं काम, एकटीने केली आणि पुढे घरीच स्टुडिओ उभारला. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत काम करावं लागतं. घरी एकाच आवाजामागे हवे तितके दिवस घालवता येतात. 1985 चा 'हाउंड्स ऑफ लव्ह' तिथे घडला. त्यातलं एक गाणं 37 वर्षांनी, 2022 मध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

तरीही वाद मिटला नाही. तो सर्वांत उघडपणे मांडला गेला 2015 मध्ये. आइसलँडच्या एका गायिकेचा 'वल्निक्युरा' हा अल्बम आधीच इंटरनेटवर फुटला आणि ठरलेल्या तारखेपूर्वी प्रकाशित करावा लागला. एक तरुण संगीतकार त्यात सहनिर्माता होता. काही ठिकाणी मात्र तोच एकटा निर्माता असल्याचं छापून आलं. तेव्हा तिने 2001 च्या 'वेस्परटाइन'ची जुनी गोष्ट काढली. त्यातले सुमारे 80 टक्के बीट तिने स्वतः तीन वर्षं खपून केले होते. शेवटच्या दोन आठवड्यांत आलेल्या संगीतकारांच्या एका जोडीने त्यावर तालवाद्यांची भर घातली, आणि श्रेय सगळीकडे त्या जोडीला गेलं. जोडीने वारंवार खुलासा केला, पण कुणी कान दिला नाही.

आपण यंत्रांपाशी काम करत असतानाची छायाचित्रं फारशी नाहीत, हेही एक कारण असल्याचं तिने सांगितलं. मला हे म्हणणं पूर्ण पटतं. गायिकेचा फोटो माइकसमोरचा किंवा भरजरी पोशाखातला निघतो, आवाज मिसळण्याच्या यंत्रापाशी, मिक्सिंग कन्सोलपाशी, पुरुष दिसतात, आणि वाचणारा त्यावरून मनात श्रेय वाटून टाकतो. सहनिर्मिती ही भागीदारी असते हे पुरुषांच्या बँडबद्दल सहज मान्य होतं. बाई असली की 'सह' गळतं आणि दुसरंच नाव उरतं.

दरम्यान यंत्रं स्वस्त झाली होती. 2005 मध्ये एका इंग्लिश गायिकेने घर गहाण ठेवून पूर्ण अल्बम स्वतः निर्माण केला. 2012 चा 'विझन्स' मॉन्ट्रियलच्या एका फ्लॅटमध्ये गॅरेजबँड या साध्या सॉफ्टवेअरवर झाला. त्याच गायिकेने 2015 च्या 'आर्ट एंजल्स'ची निर्मितीही आपल्याच हातात ठेवली.

एकटीने करण्याचा हा हट्ट समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमतही आहे : सोबतीला कुणी घेतलं की जुना प्रश्न पुन्हा दारात उभा. आज एकेका पॉप गाण्यावर चार-पाच निर्मात्यांची नावं असतात. त्यामुळे नव्या अल्बमबद्दल मत बनवण्याआधी त्याची श्रेयनामावली गाण्यागणिक वाचावी, मुखपृष्ठावरच्या किंवा मथळ्यातल्या नावावर थांबू नये.