मांजरातील मधुमेह : घरगुती व्यवस्थापन

मांजराच्या शरीरात पुरेसे इन्सुलिन तयार न झाल्यामुळे, किंवा तयार झालेल्या इन्सुलिनला ऊती दाद देत नसल्यामुळे, रक्तातील शर्करा कायम चढी राहण्याचा विकार. निदान पशुवैद्य करतो. त्यानंतरचा उपचार मात्र जवळजवळ सगळा घरातच होतो. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणे, आहार बदलणे, शर्करा मोजून लिहून ठेवणे आणि ती फार उतरली तर वेळेवर ओळखणे ही कामे पाळणाऱ्याच्याच हातची आहेत. प्रस्तुत नोंदीचा भर त्यांवर आहे.

खूप पाणी पिणे, वारंवार व भरपूर लघवी, भूक चांगली असूनही वजन उतरणे ही लक्षणे परिचित आहेत. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलि.पेक्षा जास्त पाणी पिणे सामान्यतः अधिक समजले जाते. काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालू लागतात. हा मज्जातंतूंवर झालेला परिणाम असून शर्करा आटोक्यात आल्यावर तो बऱ्याचदा हळूहळू भरून येतो. मोतीबिंदू कुत्र्यांच्या मानाने क्वचित आढळतो. मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण आयुर्वेदाच्या संहितांइतके जुने आहे, आणि मांजराच्या पेटीतल्या ओल्या वाळूला मुंग्या लागणे ही आजही दुर्लक्ष करू नये अशी खूण आहे.

प्रकार व कारणमीमांसा : मांजरातील बहुसंख्य रुग्ण माणसातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी जुळतात. मध्यम वयापुढचे, खच्ची केलेले, लठ्ठ, घरातच राहणारे बोके यांत जास्त दिसतात. काही देशांत बर्मी जातीच्या मांजरांत प्रमाण अधिक आढळले आहे. स्टेरॉइड औषधांमुळेही हा विकार उद्भवतो किंवा उघड होतो.

स्वादुपिंडातील द्वीपकांत (इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांत) साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या भूमिकेविषयी मतभेद आहेत. मधुमेही माणसाच्या द्वीपकांत काचेसारखा पदार्थ साचतो, असे वर्णन यूजीन ओपी यांनी १९०१ च्या सुमारास केले होते. तो पदार्थ इन्सुलिनबरोबरच स्रवणाऱ्या एका संप्रेरकापासून बनतो, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. पुढे त्याला अमायलिन हे नाव रूढ झाले. या शोधात माणसाच्या ऊतींइतकाच मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडाचाही उपयोग झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. माणूस व मांजर यांच्या अमायलिनमधील २० ते २९ या स्थानांवरची ॲमिनो आम्ले अशी आहेत की तंतू सहज जुळतात. उंदरात तेथे प्रोलीन हे ॲमिनो आम्ल असल्याने तसे होत नाही. मात्र मधुमेह नसलेल्या म्हाताऱ्या मांजरांतही अमायलॉइड सापडते. म्हणून ते रोगाचे मूळ कारण न मानता बीटा पेशींवरील दीर्घ ताणाची निशाणी व पुढे त्या ताणात भर घालणारा घटक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यवहारात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे : चढी शर्करा स्वतःच बीटा पेशींना निकामी करत जाते, आणि सुरुवातीच्या काळात हे नुकसान काही अंशी परत भरून येऊ शकते. पहिल्या काही महिन्यांत घेतलेली मेहनत वाया जात नाही ती यामुळे.

काही मांजरांत मुळाशी मेंदूतील पीयूष ग्रंथीची गाठ असते व वृद्धिसंप्रेरक जादा स्रवते. ब्रिटनमधील सुमारे १,२०० मधुमेही मांजरांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण चौघांपैकी एकात तसा संशय घेण्याजोगी रक्तचाचणी आढळली. अन्यत्र हे प्रमाण कमी आले आहे. इन्सुलिनचा डोस वाढतच चालला आणि वजनही वाढू लागले, तर ही शक्यता पशुवैद्याजवळ बोलून दाखवावी.

इन्सुलिन : मांजराचे व गाईचे इन्सुलिन यांत एकाच ॲमिनो आम्लाचा फरक आहे, डुकराच्या इन्सुलिनशी तीन, तर माणसाच्या इन्सुलिनशी चार जागी फरक पडतो. तरीही आज वापरात असलेली इन्सुलिने मुख्यतः डुकराची किंवा मानवी नमुन्यावर बनवलेली आहेत व ती मांजरांना चांगली लागू पडतात. प्रोटामिन-झिंक, लेन्टे व ग्लार्जिन ही त्यांपैकी प्रचलित. ग्लार्जिन आम्लधर्मी द्रावणात विरघळलेले असते. कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात व ते सावकाश विरघळत राहतात. सुरुवात बहुधा दर १२ तासांनी १ युनिटने होते. आरंभीच २ युनिटांपुढे जाऊ नये, याविषयी मार्गदर्शक तत्त्वांत एकवाक्यता आहे. डोस ठरवणे व बदलणे पशुवैद्याचे काम. वाढ अर्ध्या-एका युनिटने आणि पाच-सात दिवस थांबून करतात.

सिरिंजबाबतची चूक सर्वांत महाग पडते. काही इन्सुलिनांत १ मिलि.मध्ये ४० युनिट असतात, काहींत १००. पहिल्याचे एक युनिट म्हणजे ०·०२५ मिलि., दुसऱ्याचे ०·०१ मिलि. म्हणून बाटली व सिरिंज एकाच मापाच्या असल्या पाहिजेत. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर मांजराला अडीचपट डोस जातो. डोस इतका लहान असतो की सुईशेजारचा एक हवेचा बुडबुडा त्याचा बराचसा भाग खाऊन टाकतो. उजेडात धरून टिचकी मारून तो घालवावा आणि अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली ०·३ मिलि.ची सिरिंज मागून घ्यावी. बाटली गोठू देऊ नये. हलवावी की हातात अलगद फिरवावी, हे प्रत्येक इन्सुलिनच्या पत्रकात वेगळे दिलेले असते.

मानेपेक्षा कुशीजवळची किंवा छातीच्या बाजूची कातडी बरी, कारण मानेवर रक्तपुरवठा कमी असतो. चिमटीत कातडीचा तंबू धरावा, त्याच्या तळाशी सुई घालावी, दट्ट्या दाबावा. नंतर त्या जागेवरून बोट फिरवून पाहावे. केस ओले लागले तर औषध बाहेर गेले असे समजावे आणि पुन्हा टोचू नये. किती आत गेले हे कळायला मार्ग नसतो, आणि एखादी मात्रा हुकल्याने होणारे नुकसान दुप्पट मात्रेच्या मानाने किरकोळ असते.

घरची मोजणी : दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची शर्करादेखील ३०० मिग्रॅ./डेलि.च्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे निदानासाठी मागील एक ते तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसॅमीन चाचणी घेतली जाते, आणि डोस ठरवण्यासाठी घरी घेतलेले आकडे अधिक भरवशाचे ठरतात. कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेण्याची पद्धत २००० सालच्या आसपास, विशेषतः झुरिच येथील पशुवैद्यकांच्या कामानंतर, घरोघरी पोहोचली.

कान आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकतात, म्हणजे कडेची शीर फुगते. कानामागे कापसाची घडी धरून शीर व कड यांच्या मधल्या अरुंद पट्टीत टोचतात. मोहरीएवढा थेंब आला की ग्लुकोमीटरला (शर्करा मोजणाऱ्या यंत्राला) लावलेल्या चाचणीपट्टीचे टोक त्याला नुसते टेकवायचे. चाचणीपट्टी स्वतःच रक्त ओढून घेते. मग काही क्षण कान दाबून धरावा आणि लगेच आवडीचा मांसाचा तुकडा द्यावा. रोज एकाच जागी, त्याच क्रमाने हे केले तर बरीचशी मांजरे आपणहून येऊन बसतात.

यंत्र कोणते, यावर आकड्याचा अर्थ अवलंबून असतो. माणसाच्या रक्तातील सुमारे ४२ टक्के ग्लुकोज तांबड्या पेशींत व ५८ टक्के रक्तद्रवात असते. मांजरात पेशींत केवळ ७ टक्के व उरलेले ९३ टक्के रक्तद्रवात असल्याचे मानतात. माणसासाठी जुळवलेले ग्लुकोमीटर त्यामुळे मांजरात बहुधा खरा आकडा कमी दाखवते. ते वापरू नये असा एक पक्ष आहे. एकच यंत्र कायम ठेवले आणि पशुवैद्याला ते कोणते हे ठाऊक असले तर काम भागते, असा दुसरा. अनुभव दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा आहे. मात्र दोन यंत्रांचे आकडे एका वहीत मिसळू नयेत. कातडीवर चिकटवायचे, १४ दिवसांपर्यंत चालणारे संवेदकही आता वापरतात. मांजरे ते आधीच उपटून काढतात ही त्यातली अडचण.

दर दोन तासांनी १०–१२ तास मोजून काढलेला आलेख डोससाठी पाहतात. त्यातील सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० मिग्रॅ./डेलि.च्या दरम्यान असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

सोमोगी वाद : शर्करा फार उतरली की शरीर उलट फेकल्यासारखी ती वर नेते, हा विचार मायकेल सोमोगी यांनी १९३८ च्या सुमारास माणसांबाबत मांडला. १९८० नंतर तो मांजरांनाही लावला गेला आणि चढा आकडा दिसला की डोस कमी करावा, असा सल्ला रूढ झाला. रूम्प व रँड या संशोधकांनी २०१६ मध्ये घरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही घटना दुर्मीळ आढळली. दिवसादिवसांतले चढउतार पुष्कळदा नैसर्गिक असतात, हेच मत आता अधिक ग्राह्य वाटते. तरी एका चढ्या आकड्यावरून डोस वाढवणे कोणत्याच पक्षाला मान्य नाही.

आहार : मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी असल्याने जास्त प्रथिने व अल्प कर्बोदके असलेले ओले अन्न देतात. कोरड्या दाण्यांत कर्बोदके सहसा बरीच जास्त असतात. इन्सुलिन चालू असताना अन्न एकदम बदलले, तर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटते व शर्करा धोकादायक उतरते. म्हणून बदलाआधी पशुवैद्याला कळवून त्या काळात मोजणी वाढवावी. लठ्ठ मांजराचे वजन आठवड्याला १ टक्क्याच्या आसपास उतरावे. उपाशी ठेवल्यास यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो.

आणीबाणी : अंगात त्राण नसणे, झोकांड्या, अचानक हावरटपणा, थरथर, झटके ही शर्करा उतरल्याची लक्षणे. ती सहसा ६० मिग्रॅ./डेलि.च्या खाली दिसतात. पण लक्षणे दिसत असताना मोजण्यात वेळ घालवू नये. खात असेल तर खाऊ घालावे. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक हिरड्यांवर चोळावा. शुद्ध नसलेल्या मांजराच्या घशात काहीही ओतू नये. सावरल्यासारखे वाटले तरी दवाखाना गाठावा. याउलट उलट्या, अन्न सोडणे, मलूलपणा, श्वासाला नखपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास ही कीटोनाम्लतेची (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात आम्ले साचण्याची) चिन्हे असून तीत घरगुती उपाय नाही. मांजराने जेवण नाकारले तर ठरलेला डोस टोचण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे.

गोळी व द्रव औषधे : लघवीवाटे शर्करा बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन (गोळी) व वेलाग्लिफ्लोझिन (द्रव) यांना अमेरिकेत अनुक्रमे २०२२ व २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सुया टळतात, पण निवड काटेकोर लागते : यांच्यावर शर्करेचा आकडा चांगला असतानाही कीटोनाम्लता होऊ शकते.

रोगशमन : किमान चार आठवडे इन्सुलिनविना शर्करा सामान्य राहिली, तर शमन झाले असे म्हणतात. प्रमाण अभ्यासागणिक फार बदलते. ग्लार्जिन व घरच्या काटेकोर मोजणीवर आधारित २००९ च्या एका अभ्यासात ५५ मांजरांपैकी ६४ टक्के, तर निदानापासून सहा महिन्यांच्या आत असा उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. त्यातील पाळणारे फार उत्साही होते, हे लक्षात घेऊन आकडे वाचावेत. शमन झालेल्यांपैकी काहींत रोग परततो. म्हणून त्यानंतरही तोच आहार, आठवड्याला वजन आणि अधूनमधून कानाचा एक थेंब चालू ठेवतात, व स्टेरॉइड देण्यापूर्वी मधुमेहाचा पूर्वेतिहास नव्या पशुवैद्याला आवर्जून सांगतात.