पॅट्रिक कॉलिन्स

पॅट्रिक अँड्र्यू कॉलिन्स (१२ मार्च १८४४ – १३ सप्टेंबर १९०५) : आयर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन विधिज्ञ, लोकप्रतिनिधी आणि बॉस्टनचे महापौर. जन्म आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, फर्मॉय गावाजवळ. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडत गेले आणि भीषण दुष्काळ पडला. त्याच काळात कॉलिन्स यांचे वडील वारले. आई १८४८ मध्ये लहानग्या पॅट्रिकला घेऊन अमेरिकेला निघाली आणि बॉस्टनला लागून असलेल्या चेल्सी येथे स्थायिक झाली.

चेल्सीत आयरिश कॅथलिकांचे जिणे सुखाचे नव्हते. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये त्या वेळी परदेशी आणि कॅथलिक लोकांविरुद्धची ‘नो-नथिंग’ चळवळ जोरात होती. १८५४ च्या निवडणुकीत तर तिने राज्याची सत्ताच मिळवली. त्याच वर्षी मे महिन्यात स्वतःला ‘एंजल गॅब्रिएल’ म्हणवणाऱ्या एका फिरत्या प्रचारकाच्या चिथावणीने जमावाने चेल्सीतील कॅथलिक चर्चवर हल्ला केला. त्या दंग्यात दहा वर्षांच्या पॅट्रिकचा हात मोडला.

मासळीबाजारात काम करणाऱ्या या मुलाला पुढे रॉबर्ट मॉरिस यांच्या कचेरीत पोऱ्याची नोकरी लागली. मॉरिस हे अमेरिकेतील पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक; पळून आलेल्या गुलामांची बाजू न्यायालयात मांडणारे. कायद्याची पुस्तके कॉलिन्स यांनी पहिल्यांदा हाताळली ती इथे. गोऱ्या वकिलांच्या बॉस्टनमध्ये आयरिश पोरासाठी दार उघडले ते एका कृष्णवर्णीय माणसाने, आणि कॉलिन्स यांच्या चरित्रात ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. नंतर कुटुंब ओहायोला गेले. तिथे त्यांनी शेतात आणि कोळशाच्या खाणीत काम केले. १८५९ च्या सुमारास बॉस्टनला परतल्यावर ते खुर्च्या-कोचांना गादी-कापड बसवण्याचे काम शिकले. त्या धंद्यात ते मुकादम झाले, कामगार संघटनेतही वावरले. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी ते बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन वाचत बसत.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या फेनियन संघटनेत ते १८६४ मध्ये दाखल झाले. चार वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहावर (१८६८–६९) आणि मग राज्य सिनेटवर (१८७०–७१) डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते निवडून आले. तुरुंग, रुग्णालये आणि धर्मादाय संस्थांमधील कॅथलिकांना त्यांचे धर्मगुरू भेटू शकावेत, अनाथ मुलांवर परका धर्म लादला जाऊ नये, यासाठी त्यांनी तिथे आग्रह धरला. आमदारकी सांभाळतच ते हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात शिकले आणि १८७१ मध्ये वकील झाले.

कॉलिन्स यांचे मोठेपण खऱ्या अर्थाने १८७६ मध्ये दिसले. डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यपालपदासाठी चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांना उभे केले. अ‍ॅडम्स लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत असताना इंग्रजांच्या कैदेतील फेनियनांसाठी त्यांनी पुरेसे काही केले नाही, असा आयरिश लोकांचा राग होता. स्वतः फेनियन राहिलेले कॉलिन्स तरीही अ‍ॅडम्स यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मभूमीवर आपले प्रेम आहे, पण अमेरिकेच्या राजकारणात ‘आयरिश मतदार’ असा कुणी नसतो. नागरिकत्वाच्या कागदावर न्यायालयाचा शिक्का उमटला की माणूस अमेरिकन झाला, असे त्यांनी स्वतःच्याच लोकांना ठणकावले. अ‍ॅडम्स हरले, कॉलिन्स यांनी मात्र ही भूमिका सोडली नाही.

याचा अर्थ त्यांनी आयर्लंडशी नाते तोडले असा नाही. जमीनदारांच्या जाचाखालील आयरिश कुळांसाठी मायकेल डॅव्हिट आणि चार्ल्स पार्नेल यांनी लँड लीगची चळवळ उभारली, तेव्हा तिच्या अमेरिकन शाखेचे अध्यक्षपद १८८१ मध्ये कॉलिन्स यांच्याकडे आले. आयर्लंडच्या कुळांसाठी निधी उभारणे वेगळे आणि अमेरिकेत जातभाईंच्या नावाने मते मागणे वेगळे, हा भेद त्यांनी पाळला. त्यांच्या काळातील फार थोड्या पुढाऱ्यांना तो पाळता आला.

१८८३ ते १८८९ अशा लागोपाठ तीन मुदती ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात होते. १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनेक आयरिश मतदार रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्याकडे झुकत असताना त्यांनी ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा जाहीर पुरस्कार केला. १८८८ मध्ये सेंट लुइस येथील पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. क्लीव्हलंड दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कॉलिन्स यांना लंडनमध्ये महावाणिज्यदूत नेमण्यात आले (१८९३–९७). ब्रिटिश सत्तेविरुद्ध संघटनेत काम केलेला माणूस ब्रिटिश राजधानीत अमेरिकेच्या वतीने बसला.

बॉस्टनच्या महापौरपदाची १८९९ ची निवडणूक ते टॉमस हार्ट यांच्याकडून हरले. १९०१ मध्ये त्यांनी हार्ट यांना मोठ्या फरकाने हरवले आणि १९०३ मध्ये पुन्हा निवडून आले. आयर्लंडमध्ये जन्मलेले ह्यू ओब्रायन त्यांच्याआधीच, १८८५ मध्ये, या पदावर बसले होते. काटकसर हे कॉलिन्स यांच्या कारभाराचे मुख्य सूत्र होते. खर्चाच्या ठरावांवर नकाराधिकार वापरताना ते कचरत नसत. पदावर असतानाच व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. ब्रुकलाइन येथील होलिहूड दफनभूमीत त्यांचे दफन झाले. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्यांचे स्मारक आहे; अर्धपुतळ्याच्या दोन बाजूंना आयर्लंड आणि अमेरिका यांच्या प्रतीकमूर्ती आहेत.

उरलेल्या मुदतीत डॅनिएल व्हेल्टन यांनी हंगामी महापौर म्हणून काम पाहिले. १९०६ मध्ये जॉन फिट्झजेराल्ड, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांचे आजोबा, महापौर झाले. वॉर्डावॉर्डांत कार्यकर्ते बांधून आणि आयरिश मतांची मोट बांधून ते वर आले होते. कॉलिन्स यांनी नाकारलेले राजकारण बॉस्टनमध्ये पुढे बराच काळ चालले.