गाठ मुखाची की अस्तराची? गर्भाशयाच्या दोन कर्करोगांतला फरक आणि एमआरआयची पार्श्वभूमी

पाळी जाऊन काही वर्षे झाल्यावर एखाद्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागते, रत्नागिरीत किंवा कणकवलीत तपासणी होते, गर्भाशयमुखाशी दिसणाऱ्या गाठीचा तुकडा घेतला जातो आणि अहवालात ‘ॲडिनोकार्सिनोमा’ एवढाच शब्द येतो. कर्करोग आहे हे त्यातून कळते. पण तो मुखात सुरू होऊन वर चढला, की गर्भाशयाच्या अस्तरात सुरू होऊन खाली उतरला, हे कळत नाही. मुखाचे बहुतेक कर्करोग खवल्यासारख्या चपट्या पेशींचे असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येतात. ग्रंथींच्या पेशींतून होणारा ॲडिनोकार्सिनोमा मात्र दोन्ही ठिकाणी होतो आणि लहानशा तुकड्यात दोन्हीकडचा सारखाच दिसू शकतो. गाठ मोठी असून मुख आणि गर्भाशयाची पोकळी दोन्ही व्यापून बसली असेल, तर हाताच्या तपासणीनेही उलगडा होत नाही.

या प्रश्नावर उपचाराची सगळी दिशा ठरते. अस्तराच्या कर्करोगात बहुधा प्रथम शस्त्रक्रिया होते आणि गर्भाशय, बीजांडवाहिन्या व बीजांडे काढली जातात. मुखाच्या कर्करोगात गाठ चार सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा बाजूच्या ऊतींत शिरली असेल, तर किरणोपचार आणि त्यासोबत सिसप्लॅटिन हे औषध, हा मुख्य मार्ग असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९ साली डॉक्टरांना खास सूचना काढल्यानंतर तो जगभर रुळला. अशा बाईची ‘पिशवी’ निदान पक्के होण्याआधीच साध्या शस्त्रक्रियेने काढली, तर गाठ मधूनच कापली जाण्याचा धोका असतो. शिवाय आतून किरणे देण्यासाठी ज्या पोकळीत नळी बसवायची, ती पोकळीच उरत नाही. आपल्याकडे पिशवी काढण्याचा निर्णय फार लवकर होतो, आणि म्हणून ही बाब मला तज्ज्ञांच्या चर्चेपुरती वाटत नाही.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ या प्रश्नाचे उत्तर बोटांनी शोधले गेले. रेडियमचे उपचार सुरू झाल्यावर वेगवेगळ्या शहरांतले निकाल एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२९ मध्ये मुखाच्या कर्करोगाच्या पायऱ्या, म्हणजे तो किती पसरला आहे हे सांगणारे टप्पे, ठरल्या. त्या योनिमार्गातून आणि गुदमार्गातून केलेल्या तपासणीवर आधारलेल्या होत्या, आणि जगात सर्वत्र तेवढीच साधने उपलब्ध होती, म्हणून त्या तशाच राहिल्या. अस्तराच्या कर्करोगासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, १९७१ मध्ये जी पद्धत दिली तिच्यात गर्भाशयात सळई घालून पोकळीची लांबी मोजली जाई, आणि ती आठ सेंटिमीटरहून जास्त आहे की नाही यावर पहिल्या पायरीचे दोन भाग पडत. गाठ मुखापर्यंत आली आहे का हे पाहण्यासाठी मुखाचे आणि पोकळीचे क्युरेटिंग, म्हणजे आतून खरवडून नमुना घेणे, वेगवेगळे करून दोन बाटल्यांत पाठवले जाई. मात्र वरची गाठ मुखातून लोंबत असेल, तर तिचेच कण मुखाच्या बाटलीत येत आणि अहवाल चुकीची वाट दाखवी. १९८८ मध्ये फिगोने अस्तराच्या कर्करोगाची पायरी शस्त्रक्रियेनंतर ठरवण्याचा नियम केला. म्हणजे नेमके उत्तर मिळे ते पिशवी काढून झाल्यावरच.

सीटी स्कॅन १९७०च्या दशकात आला, पण इथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. गर्भाशयाचे स्नायू, अस्तर आणि मुख त्यात जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसतात. खरा बदल एमआरआयने घडवला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादातून प्रतिमा तयार करून दाखवली. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. हेडविग ह्रिचाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सान फ्रान्सिस्कोत १९८३ मध्ये स्त्रियांच्या ओटीपोटाच्या प्रतिमांवर सुरुवातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. टी-२ प्रकारच्या चित्रांत गर्भाशयाचे थर वेगळे दिसू लागले: उजळ अस्तर, त्याभोवती गडद संधिपट्टा, बाहेर मध्यम छटेचा स्नायू आणि खाली मुखाच्या तंतुमय भिंतीचे काळे कडे. जिवंत बाईच्या शरीरात, काहीही न कापता, हे थर इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते.

गाठ कुठली हे ओळखण्याच्या खुणा याच थरांवरून ठरत गेल्या. गाठीचा मध्य आणि तिचा सर्वांत मोठा भाग कुठे आहे, हे गर्भाशयाच्या लांबीला धरून घेतलेल्या उभ्या छेदात प्रथम पाहतात. काळे कडे गाठीने आतून खाऊन तोडले असेल, तर मुखाकडे बोट जाते. मुखाची वाट रुंदावली आहे पण कडे शाबूत आहे, असे दिसले तर गाठ वरून खाली लोंबलेली असण्याची शक्यता वाढते. पोकळी फुगलेली असली तरी ती कशाने फुगली हे पाहावे लागते. मुख बंद झाल्यामुळे आत नुसते रक्त साचले असेल आणि अस्तर पातळ असेल, तर अर्थ वेगळा; पोकळी गाठीनेच भरली असेल आणि ती स्नायूत शिरत असेल, तर वेगळा. चित्रात ऊती उजळ दाखवणाऱ्या गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर अस्तराची गाठ भोवतीच्या स्नायूपेक्षा कमी उजळते, तर मुखाची गाठ सुरुवातीच्या सेकंदांत बऱ्याचदा लवकर उजळते. डेनी ल बिआँ यांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेली एमआरआयची डिफ्युजन पद्धत दाट पेशींची गाठ उठून दाखवते आणि इंजेक्शन देता येत नसेल तेव्हा विशेष कामी येते. मात्र गाठ मुळात कुठली, हे ती एकटी सांगू शकत नाही.

यातली कोणतीही खूण एकटी पुरेशी नाही. पाळी गेल्यावर गर्भाशय आक्रसतो आणि संधिपट्टा पुसट होतो, आणि अस्तराचा कर्करोग नेमका याच वयात जास्त आढळतो. गाठ फारच मोठी असेल तर मध्य कुठे हेही सांगता येत नाही. त्यामुळे एमआरआयच्या बरोबरीने प्रयोगशाळेचे काम वाढले. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये मुखाच्या कर्करोगात एचपीव्ही १६ हा विषाणू शोधला होता, आणि त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. मुखाचे बहुतेक ॲडिनोकार्सिनोमाही एचपीव्हीशी जोडलेले असतात, अस्तराचे नसतात. म्हणून पी-१६, इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि व्हिमेंटिन या पेशींतल्या प्रथिनांची रंगतपासणी एकत्र वाचतात, आणि ती प्रतिमेशी जुळली की निदानाला बळ येते. दोन्हींत विसंगती असेल तर पुन्हा तुकडा घेणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यात वेळ गेला तरी तो वाया जात नाही.

अधिकृत मान्यता मात्र उशिरा आली. मुखाच्या कर्करोगाची पायरी ठरवताना एमआरआयचे निष्कर्ष धरण्याची मुभा फिगोने २०१८ मध्ये दिली. तोवर ते उपचाराचे नियोजन करताना वापरले जात, पायरीत मोजले जात नसत. ज्या प्रदेशांत एमआरआय नाही तिथल्या आकड्यांशी तुलना करता यावी, हे त्यामागचे कारण होते, आणि ते कारण कोकणाला समजायला कठीण नाही.

इथल्या बाईला एका तपासणीसाठी घाट चढून कोल्हापूरला, कोकण रेल्वेने मुंबईला किंवा सावंतवाडीकडून गोव्यात बांबोळीला जावे लागते, आणि प्रत्येक खेपेला घरचे एक माणूस सोबत लागते. म्हणून चुकीच्या किंवा अपुऱ्या एमआरआयची किंमत इथे जास्त आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘पेल्व्हिस’ न लिहिता ‘गाठ मुखाची की अस्तराची?’ हा प्रश्न लिहिला, तर तंत्रज्ञ गर्भाशयाच्या अक्षाला काटकोनात छेद घेतात; शरीराच्या सरळ आडव्या छेदांत कडे तिरके कापले जाते आणि फसवे दिसते. त्याचबरोबर नुसता छापील अहवाल पुरत नाही. प्रतिमांची सीडी, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक बाईसोबत मोठ्या रुग्णालयात गेला, तर तीच चित्रे पुन्हा वाचता येतात, त्याच तुकड्यावर रंगतपासणी करता येते आणि तिला त्याच कामासाठी दुसरी खेप घालावी लागत नाही.